लहान एंजिन, मोठी कसोटी

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे विमानांचा कारखाना स्थापन केला. १९४१ मध्ये तेथे जोडलेले हार्लो विमान आकाशात झेपावले. त्याचे सात सिलिंडरांचे वॉर्नर एंजिन मात्र अमेरिकेचे होते. पुढे १९६१ मध्ये त्याच कारखान्याचे ‘मरुत’ हे लढाऊ विमान उडाले, पण त्यालाही मनाजोगते एंजिन अखेरपर्यंत लाभले नाही. विमानाच्या देहापेक्षा त्याचे हृदय घडविणे इतके कठीण का? वॉर्नरच्याच जातीचे, पाच सिलिंडरांचे, ओंजळीत मावणारे एंजिन घरच्या लेथवर करू जाणाऱ्याला याचे उत्तर मिळते.

या जातीच्या एंजिनास अरीय एंजिन म्हणतात. चाकाच्या तुंब्यातून आरे निघावेत तसे त्याचे सिलिंडर मध्यभागाभोवती वर्तुळात बसविलेले असतात. पाच असल्यास एकमेकांपासून ७२ अंशांवर. पाचही दट्ट्यांना भुजादंडाची एकच खुंटी फिरवावयाची असते. म्हणून एक मुख्य दांडा त्या खुंटीला धरतो आणि उरलेले चार त्याच्या गळ्याशी लहान पिनांनी जोडले जातात.

चार धावांच्या अशा एंजिनात सिलिंडरांची संख्या विषम असते, यालाही कारण आहे. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदाच पेटतो. एक सोडून एक अशा क्रमाने गेले, की १, ३, ५, २, ४ अशी पाळी सारख्या अंतराने येते. सहा सिलिंडर असते, तर १, ३, ५ नंतर पुन्हा पहिल्याशीच येऊन पोचलो असतो. झडपा उघडण्यासाठी दोन उंचवट्यांचे एकच कॅमचक्र पुरते. मात्र ते भुजादंडाच्या उलट दिशेने, चौथाई वेगाने फिरले पाहिजे.

खरी अडचण आकाराची आहे. लांबीरुंदी दहाव्या हिश्शावर आणली, तर पृष्ठभाग शंभराव्या आणि आकारमान हजाराव्या हिश्शावर येते. म्हणजे उष्णता थोडी, पण ती निसटून जावयास वाट तुलनेने दहापट मोठी. मोठ्या एंजिनात खपून जाणारी केसाएवढी फट येथे सारा दाब घालविते. म्हणून सिलिंडर आणि दट्ट्या यांचा मेळ मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत साधावा लागतो, आणि तोही पाच वेळा, एकसारखा.

इंधन म्हणून मिथेनॉल आणि वंगण म्हणून एरंडेल वापरता येते. प्लॅटिनमच्या तारेचे वेटोळे सुरुवातीला विजेने तापवितात. नंतर मिथेनॉलच्या स्पर्शाने ते स्वतःच तापलेले राहते. एंजिन सुरू करण्यापूर्वी पंखा हाताने सावकाश फिरवून पाहणे अगत्याचे असते. खालच्या सिलिंडरांत तेल साचते, आणि द्रव दाबला जात नसल्यामुळे घाई केल्यास दांडा वाकतो.

जागेचाही हिशेब ठेवावा लागतो. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा आठ-नऊ टक्के कमी असतो. मुंबईत नीट चालणारे एंजिन तेथे इंधन जास्त झाल्याने धूर ओकू लागते. इंधनाची सुई किंचित आवळली, की ते पूर्ववत चालते. गेलेली शक्ती मात्र भरून येत नाही.

आराखडे विकत मिळतात, धातूही मिळतो. हातातील अचूकपणा विकत मिळत नाही. तो एकेक सुटा भाग टाकून देऊन, पुन्हा घडवूनच कमवावा लागतो. मोठ्या कारखान्यालाही याहून जवळची वाट सापडलेली नाही.