छोटी टॉर्च, मोजके पैसे: लुमेनआधी सेल पाहा

लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती लांब पोहोचेल हे झोताची तीव्रता, म्हणजे कॅन्डेला, ठरवते. १०,००० कॅन्डेलाचा झोत कागदोपत्री २०० मीटर जातो, पण तिथे उरतो ०.२५ लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. उरण तालुक्यातल्या एखाद्या स्टेशनवरून घरी चालताना किंवा वीज गेल्यावर मीटरची पेटी उघडताना एवढा झोत लागतच नाही. १०० ते २०० लुमेन भरपूर झाले. म्हणून पैसे सेलवर घालावेत. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम-आयन सेल. त्याची खरी क्षमता सहसा ३,५०० एमएएचच्या आसपास थांबते. ९,९०० छापलेला सेल खोटाच समजावा. चांगला लिथियम सेल आणि चार्जर महाग पडतात, हा आक्षेप रास्त आहे. मग एए सेलची टॉर्च घ्यावी: उजेड कमी, पण सेल कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतो.

सेलनंतर पाहावं पाण्यापासूनचं संरक्षण: आयपीएक्स४ शिंतोड्यांपुरतं, आयपीएक्स७ एक मीटर पाण्यात ३० मिनिटं. उरण तालुक्याच्या पावसात, खाडीच्या खाऱ्या हवेत आयपीएक्स७च हवं. घेताना मागची टोपी फिरवून आतलं रबरी कडं पाहावं. ते सैल किंवा चिरलेलं असेल तर दमट हवा आत शिरते आणि स्प्रिंगवर गंज चढतो.