दोरी, स्प्रिंग आणि कुत्री

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळानं दापोली-मंडणगडच्या बागा झोपवल्या. आंबे, फणस, माड रस्त्यांवर आडवे पडले. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. अशा वेळी गावाची वाट मोकळी करायला चेनसॉ लागतो, आणि तो सुरू होणार की नाही हे ठरतं बाजूच्या झाकणातल्या मीटरभर दोरीवर.

पूर्वीच्या छोट्या इंजिनांना दोरी प्रत्येक वेळी हातानं चाकावर गुंडाळावी लागे. ओढली की ती सुटून हातात येई. रिकॉइल स्टार्टरनं हा खटाटोप संपवला. झाकणात दोरीचं चाक, त्याखाली घड्याळासारखी गुंडाळलेली पातळ पट्टीची स्प्रिंग. दोरी ओढली की कुत्री, म्हणजे पकड घेणारे छोटे खटके, अडकतात आणि फ्लायव्हील फिरतं. इंजिन पेटताच कुत्री सुटतात आणि स्प्रिंग दोरी आत खेचते. हुस्कवर्ना कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत कुत्री फ्लायव्हीलवर असतात, स्टिल कंपनीच्या बऱ्याच मॉडेलांत दोरीच्या चाकावर. १०६ सीसीच्या जुन्या स्टिल ०७० सारख्या दांडग्या यंत्राला झटका द्यायचा तर या सगळ्या भागांवर किती ताण येत असेल!

कोकणात हा स्टार्टर लवकर थकतो. इंजिन थंड ठेवणारी हवा याच झाकणाच्या फटींतून आत जाते, तिच्याबरोबर भुसाही जातो. चेनच्या तेलात तो कालवला की चिकट लगदा होतो. वर खारी हवा आणि पडवीत काढलेले पावसाचे चार महिने. स्प्रिंग गंजते, दोरी अर्ध्यावर लोंबकळते आणि चांगलं इंजिन भंगारात जातं. मला याचंच वाईट वाटतं, कारण अख्ख्या यंत्रात इतका स्वस्त आणि हातानं दुरुस्त होणारा भाग दुसरा नाही.

दोरी जागची हलतच नसेल तर आधी झाकण काढून फ्लायव्हील हातानं फिरवून पाहावं. तेही फिरलं नाही, तर दोष इंजिनात आहे. स्टार्टरला हात लावू नये. दोष स्टार्टरचाच असेल तर आधी दोरीचा ताण उतरवायचा आणि डोळ्यांवर चष्मा चढवायचा. मोकळी सुटलेली स्प्रिंग चेहरा फाडू शकते. स्प्रिंग बहुधा टोकाच्या आकड्याशी तुटते. जुने कारागीर तेवढंच टोक तापवून नरम करतात आणि नवा आकडा वळवतात. उरलेल्या पट्टीला आच लागू द्यायची नाही, नाहीतर तिचा ताव जातो. नवी स्प्रिंग मिळत असेल तर तीच घालावी. पण जुन्या मॉडेलची जिथे मिळत नाही, तिथे ही कारागिरी यंत्राला आणखी काही वर्षं देते.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या जाळ्याची दोरी हवी तेवढी मिळते, म्हणून तीच ओवण्याचा मोह होतो. तो टाळावा. प्लॅस्टिकची पीळदार दोरी घासून वितळते, जाड दोरी चाकाच्या खाचेत मावत नाही. मध्यम चेनसॉला साधारण साडेतीन मिलिमीटरची, विणलेली नायलॉन दोरी लागते. बसवताना चाकाला काही फेरे देऊन स्प्रिंग ताणायची, मूठ झाकणाला घट्ट टेकेल इतकी. मग दोरी पूर्ण बाहेर काढून पाहायची: चाक अजून निदान अर्धा फेरा फिरलं पाहिजे. फिरलं नाही, तर एक फेरा कमी करायचा. नाहीतर जोरदार झटक्याला स्प्रिंग तुटू शकते.

वापरणाऱ्याचा हातही सुधारायला हवा. आधी दोरी सावकाश ओढून दाब लागेपर्यंत आणावी, मग आखूड, जोरकस झटका द्यावा. सुरू झाल्यावर मूठ सोडून देऊ नये, हातानं परत न्यावी.

बंद पडलेल्या चेनसॉचं झाकण भंगारात घालू नका. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या यंत्राला ते उपयोगी पडतं. आणि दर मे महिन्यात, आंब्याची धावपळ ओसरली की, झाकणाचे स्क्रू खोला, भुसा ब्रशनं काढा, स्प्रिंगवर तेलाचे दोन थेंब सोडा, दोरी झिजली असेल तर बदला. हे काम वादळाचा इशारा येण्याआधी उरकून ठेवा.