दोन वह्यांचा मेळ

रोजकीर्दीतील नोंद खतावणीत उतरल्याखेरीज पेढीचा दिवस पुरा होत नाही. एकाच व्यवहाराच्या दोन ठिकाणच्या नोंदी जुळल्याच पाहिजेत, हा हिशेबाचा पहिला नियम होय. मोबाइल आणि संगणक यांच्या संदर्भात आज ज्याला ‘सिंक’ म्हणतात, ते काम याच जातीचे आहे. एकीकडे झालेला बदल दुसरीकडे उतरवायचा आणि दोन्हीकडे निरनिराळे बदल झाले असतील तर खरा कोणता ते ठरवायचे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र हा मेळ कोणाच्या दुकानात बसवायचा, यावरून २००९ साली अमेरिकेतील दोन कंपन्यांत जो झगडा झाला, तो व्यापारी कुटुंबांनी समजून घेण्याजोगा आहे.

एका बटणाची सोय

१९९६ च्या मार्च महिन्यात कॅलिफोर्नियातील पाम कॉम्प्युटिंग या कंपनीने ‘पायलट’ नावाची खिशात मावणारी इलेक्ट्रॉनिक डायरी बाजारात आणली. तिचे जनक जेफ हॉकिन्स यांनी यंत्र तयार होण्यापूर्वी त्याच आकाराचा लाकडी ठोकळा खिशात घालून पाहिला होता. जी वस्तू खिशात मावत नाही ती माणूस रोज वापरत नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्याआधी १९९३ साली ॲपलने ‘न्यूटन’ आणले होते; पण ते आकाराने मोठे आणि किमतीने महाग असल्यामुळे फारसे रुजले नाही.

पायलटच्या यशाचे मर्म त्याच्या बैठकीवरील एका बटणात होते. यंत्र त्या बैठकीवर ठेवायचे आणि बटण दाबायचे. थोड्याच वेळात नावे, पत्ते, भेटींच्या वेळा संगणकातील नोंदींशी जुळून येत. पायलट ही संगणकाच्या जागी आलेली वस्तू नव्हती, ती त्याची जोडवही होती. यंत्र हरवले तरी नोंदी संगणकात सुरक्षित राहत.

गाण्यांची वखार

पुढे ॲपलने हेच सूत्र संगीताला लावले. २००१ साली आयपॉड आला. २००३ साली गाण्यांचे ऑनलाइन दुकान उघडले आणि त्याच वर्षी आयट्यून्स ही प्रणाली विंडोजच्या संगणकांवरही मिळू लागली. गाणी, त्यांच्या याद्या आणि नंतर आयफोनमधील मजकूर, सारे काही आयट्यून्समधूनच ये-जा करू लागले. २००९ पर्यंत ॲपलने विकलेल्या गाण्यांवरील कुलूप निघाले होते. ती इतर कंपन्यांच्या यंत्रांवरही वाजू शकत होती. पण वर्षानुवर्षे लावलेली यादी एका क्लिकसरशी यंत्रावर उतरवण्याची सोय ॲपलने स्वतःच्या यंत्रांपुरतीच ठेवली होती. माल ग्राहकाचा, वखारीची किल्ली मात्र ॲपलकडे, अशी ही स्थिती होती.

पामचे दिवस तोवर फिरले होते. कंपनी सावरण्यासाठी २००७ साली जॉन रुबिनस्टाइन तेथे आले. ॲपलमध्ये आयपॉडच्या विभागाचे प्रमुखपद त्यांनीच सांभाळले होते. ६ जून २००९ रोजी पामचा ‘प्री’ हा फोन स्प्रिंट कंपनीच्या जाळ्यावर अमेरिकेत विक्रीस आला. त्याची वेबओएस ही प्रणाली नवी होती आणि निरनिराळ्या खात्यांतील नावपत्ते एका यादीत गुंफण्याची तिची पद्धत वाखाणली गेली. त्यासोबत एक आश्चर्यही होते. प्री संगणकाला जोडला की आयट्यून्स त्याला आयपॉड समजे आणि गाणी भरू देई.

दुसऱ्याच्या क्रमांकावर बिल

हे कसे घडले? यूएसबीच्या तारेने जोडलेले प्रत्येक यंत्र संगणकाला आपली ओळख सांगते. त्या ओळखीत उत्पादकाचा एक क्रमांक असतो आणि तो ‘यूएसबी इम्प्लिमेंटर्स फोरम’ ही उद्योगांची संस्था नेमून देते. दुकानाच्या जीएसटी क्रमांकासारखीच ही व्यवस्था आहे. प्रीने आरंभी आपल्या ओळखीचा काही भागच आयपॉडसारखा ठेवला होता. जुलैच्या मध्यावर ॲपलने आयट्यून्सची ८.२.१ ही आवृत्ती काढून ती वाट बंद केली. आठवडाभरात पामने वेबओएस १.१ काढले, आता फोन उत्पादकाचा क्रमांकही ॲपलचाच सांगू लागला. दुसऱ्याच्या जीएसटी क्रमांकावर बिल फाडावे, तसाच हा प्रकार होता.

पामने फोरमकडे तक्रारही नेली. क्रमांक पाहून इतरांच्या यंत्रांना दार बंद करणे ही स्पर्धेची अडवणूक आहे, असे तिचे म्हणणे होते. सप्टेंबरमध्ये फोरमने पामच्या विरोधात मत दिले: नेमून दिलेला क्रमांक ज्याचा त्यानेच वापरावा, दुसऱ्याने तो वापरणे हा नियमभंग आहे. त्याच महिन्यात आलेल्या आयट्यून्स ९ ने पुन्हा दार लावले. ऑक्टोबरच्या आरंभी पामने ते पुन्हा उघडले, तर महिनाअखेरीस ॲपलने पुन्हा बंद केले. त्यानंतर पामने हा नाद सोडला.

या झगड्यात न्याय कोणाच्या बाजूला होता? ॲपलचे म्हणणे सरळ होते: ज्या यंत्रांची चाचणी आम्ही घेतली नाही, ती चालतीलच अशी हमी आम्ही देत नाही. पामच्या म्हणण्यातही तथ्य होते, कारण ग्राहकाने पैसे मोजून घेतलेल्या गाण्यांची यादी ग्राहकाचीच असते. परंतु न्याय्य मागणीसाठी पामने जो मार्ग निवडला, तो खोट्या ओळखीचा होता आणि उघडा मार्ग उपलब्ध असताना निवडला होता. आयट्यून्स आपल्या गाण्यांच्या यादीची एक फाइल संगणकावर ठेवत असे आणि ती इतर प्रणालींना वाचता येई. ब्लॅकबेरीने स्वतःची वेगळी प्रणाली तयार करून त्या फाइलच्या आधारे गाणी आपल्या फोनवर उतरवली. तिला कोणाचे नाव उसने घ्यावे लागले नाही.

ग्राहकाचे काय झाले?

झगड्यात सर्वाधिक भरडला गेला तो प्रीचा ग्राहक. जी सोय पाहून त्याने फोन घेतला, ती दर काही आठवड्यांनी जाई आणि येई. २०१० साली ह्युलेट-पॅकार्डने १.२ अब्ज डॉलर मोजून पाम विकत घेतली. जुलै २०११ मध्ये वेबओएसचा टचपॅड बाजारात आला आणि अवघ्या ४९ दिवसांत कंपनीने तो बंद केल्याचे जाहीर केले. २०१३ साली वेबओएस एलजीकडे गेली. आज भारतातील अनेक घरांतल्या एलजी टीव्हींवर तीच प्रणाली चालते. पण जुन्या फोनधारकांची ज्या खात्यावर भिस्त होती, ती खाती, त्यांच्या राखीव प्रती आणि ॲपचे दुकान १५ जानेवारी २०१५ रोजी बंद करण्यात आले. पायलटच्या काळी दुसरी वही ग्राहकाच्या स्वतःच्या संगणकात असे. आता ती कंपनीच्या घरी होती आणि कंपनीने घर आवरताच तीही गेली.

पेढीसाठी बोध

भारतात काही दारे कायद्याने आणि व्यवस्थेने उघडली आहेत. जानेवारी २०११ पासून क्रमांक न बदलता देशभर मोबाइल कंपनी बदलता येते. २०१६ साली आलेल्या यूपीआयमुळे ग्राहकाकडे कोणतेही ॲप असो, दुकानातील एकाच क्यूआरवर पैसे येतात. युरोपात २०१८ पासून स्वतःची माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क कायद्याने मिळाला आहे. आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मात्र तो हक्क नाही. म्हणून आपली दुसरी वही आपणच सांभाळणे हिताचे.

पेढीच्या फोनमधील नावपत्ते कोठे साठतात, फोनमध्ये, सिममध्ये की एखाद्या खात्यात, हे आधी पाहावे. ते ‘व्हीसीएफ’ फाइलच्या रूपात उतरवता येतात. ही फाइल अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही वाचतात. व्हॉट्सॲपची राखीव प्रत अँड्रॉइडवर गूगलकडे, तर आयफोनवर ॲपलकडे राहते, आणि एकीकडची प्रत दुसरीकडे थेट उघडत नाही. फोनची जात बदलताना हस्तांतराची स्वतंत्र सोय जुना फोन हाताशी असतानाच वापरावी. उधारीचे वा बिलांचे ॲप निवडताना ते किती सुंदर दिसते यापेक्षा त्यातील सारा हिशेब एक्सेलमध्ये काढून घेता येतो का, हे प्रथम विचारावे आणि दहा-वीस नोंदी करून प्रत्यक्ष काढून पाहावा. महिन्यातून एकदा ही प्रत घरच्या संगणकावर वा पेनड्राइव्हवर उतरवून तिच्यावर तारीख घालावी. हे काम घरातील एका तरुणाकडे नेमून द्यावे आणि दुसऱ्या कोणीतरी ती फाइल उघडते की नाही, हे तपासावे.