फुफाट्याला सायलेन्सर ऐकू येत नाही

हीरोने 2019 मध्ये एक्सपल्स 200 मोटरसायकल आणली तेव्हा तिच्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह होते. 2021 मध्ये ते चार झाले. नवं हेड, सुधारलेला ऑइल कूलर, कारखान्यातली इंजिनिअरांची फौज. आणि एवढा खटाटोप करून ताकद वाढली साधारण सहा टक्के. म्हणजे जेमतेम एक हॉर्सपॉवर! आता कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात जा. काउंटरवरचा पोरगा हातात सायलेन्सर देईल आणि म्हणेल, "भाऊ, हा टाका, चार-पाच बीएचपी सहज वाढते."

या 'सहज'चं बिल पुढे गॅरेजात फाटतं. आणि आमच्या नाशिकजवळच्या दिंडोरी तालुक्यात ते जरा लवकरच फाटतं. इथे उन्हाळ्यात द्राक्षबागांच्या रस्त्यांवर फुफाटा, पावसाळ्यात काळ्या मातीचा राडा आणि बांधाबांधाला बाभूळ. रामशेज किल्ल्याच्या पायथ्याला जा, अहिवंत-अचला किल्ल्यांकडे जा, नाहीतर वाघाड धरणामागच्या कच्च्या वाटेला लागा, परीक्षा सगळीकडे तीच.

फटाके कुठे वाजतात?

मोकळा सायलेन्सर लावला की गाडीचा श्वास मोकळा होतो हे खरं. पण त्या प्रमाणात पेट्रोल वाढलं नाही तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. कार्बोरेटरच्या जमान्यात मिस्त्री मेन जेट एक नंबर मोठा टाकायचा आणि विषय संपायचा. आता इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. साधारण 14.7 भाग हवेला एक भाग पेट्रोल (वजनाने) हे गणित तो सांभाळतो, पण फक्त निवांत चालीत. थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, सेन्सरचं ऐकत नाही, कंपनीने भरून दिलेल्या नकाशावर चालतो. आणि तो नकाशा जुन्या सायलेन्सरचा असतो! म्हणजे नाशिक-दिंडोरी सपाट रस्त्यावर सगळं झकास, आणि नांदुरीचा घाट डबलसीट चढताना, नेमक्या गरजेच्या वेळी, इंजिन उपाशी.

थ्रॉटल सोडल्यावर जे फटाके वाजतात, त्यावर तर पोरं फिदा. ते ताकदीचे नसतात हो. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल मागे नळीत जळतं, एवढंच.

मळका फिल्टर जास्त शहाणा

हे ऐकून पटत नाही, पण कागदी एअर फिल्टर थोडा मळला की कोऱ्या फिल्टरपेक्षा बारीक धूळ पकडतो. अडकलेली धूळच चाळणीचं काम करू लागते. (याचा अर्थ दोन वर्षं बदलूच नका, असा नाही.) ज्या गाडीत तेलकट कागदाचा, म्हणजे व्हिस्कस फिल्टर येतो, त्याला कॉम्प्रेसरची हवा मारायचीच नसते, तो थेट बदलायचा. तरी आपल्याकडे सर्व्हिसिंग म्हटलं की पहिली हवा तिथेच बसते.

आता बंद डब्यातला हा फिल्टर काढून बाहेर शंकूसारखा मोकळा फिल्टर लावायची फॅशन आहे. शर्यतीत ती शोभते, कारण तिथे इंजिन दर काही तासांनी उघडणारच असतं. द्राक्ष काढणीच्या दिवसांत क्रेट भरलेल्या पिकअपच्या मागे पाच किलोमीटर गाडी चालवून बघा. पिठासारखी माती हवेत तरंगत असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड; पिस्टन रिंगा घासणारी धूळ त्याच्या पाव भागाइतकी किंवा त्याहूनही बारीक. डोळ्यांना दिसत नाही, सिलिंडरला बरोबर सापडते. आधी ऑइल कमी होऊ लागतं, मग निळा धूर, मग बोअरचं काम.

तपासायची युक्ती फुकट आहे. फिल्टरच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाकडच्या नळीत, स्वच्छ फडक्यात गुंडाळलेलं बोट फिरवा. फडक्यावर माती आली तर तीच इंजिनाच्या पोटात जाते आहे. फेसाचा फिल्टर असेल तर तो धुऊन, वाळवून, फिल्टरचंच तेल चोळून बसवायचा. कोरडा फेस म्हणजे नुसता स्पंज.

मोकळ्या फिल्टरचा दुसरा प्रताप पावसाळ्यात. डबा नाही म्हणजे आडोसा नाही. कादवेच्या एखाद्या ओहोळात पाणी गुडघ्याला लागलं आणि एक घोट आत गेला, की खेळ खलास. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

साडेतीन मिलिमीटरचा मोह

एक्सपल्स 200 चा बोअर 66.5 मिलिमीटर, स्ट्रोक 57.5. बोअर वाढवून 70 केला की दोनशेची गाडी 221 सीसीची होते. नखभर फरकाने सुमारे अकरा टक्के! मोह होणारच. पण क्रँक तोच, बेअरिंग तेच, क्लच प्लेटा त्याच, ऑइल पंपही तोच. बागायतदाराला हे समजावायची गरज नसावी: वेलीवर झेपतील त्यापेक्षा जास्त घड ठेवले तर या हंगामात माल दिसतो आणि पुढच्या हंगामात वेल बसते.

डाकार रॅलीत तर 2011 पासून 450 सीसीची मर्यादा आहे. 2015 मध्ये सी. एस. संतोष ही रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, 2024 मध्ये हीरोच्या गाडीने दुसरा क्रमांक मिळवला. सगळं 450 मध्येच. आणि आपल्याला खडक सुकेण्याला जायला मोठा बोअर हवा!

बरं, शर्यतीची गाडीच घेतली तर? केटीएमच्या ईएक्ससी-एफ जातीच्या एन्ड्युरो गाड्यांना दर 15 तासांनी ऑइल बदलावं लागतं. तास, महिने नव्हेत. ताशी चाळीसने धरलं तर सहाशे किलोमीटर. दिंडोरी ते नाशिक जाऊन-येऊन पन्नासच्या आसपास, म्हणजे बारा फेऱ्यांत ऑइल पालटा.

एक दात, तीन दात

स्वस्तातला सगळ्यात गुणी बदल कुठला, तर पुढचं चेनचक्र एका दाताने लहान करणं. पुढे 13 आणि मागे 39 दात असतील, तर पुढचा एक दात कमी करणं हे मागचे तीन वाढवल्यासारखंच. चढाला क्लच कमी जळतो, पहिल्या गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने चालते. किंमत इतकीच की त्याच वेगाला इंजिन जिथे बारा फेऱ्या मारायचं तिथे तेरा मारतं, आणि लहान चक्रावर चेन जास्त वाकते. चेनकीट लवकर जाणार, ॲव्हरेज थोडं घटणार. माझ्या मते सौदा वाईट नाही.

उंटावर बसलेली गाडी

सस्पेन्शन उंच केलं की सगळे बघतात ग्राउंड क्लिअरन्स. कोणी बघत नाही तो साइड स्टँड. गाडी उंच झाली, स्टँड तेवढाच राहिला. मग ती इतकी कलते की पावसाळी मातीत स्टँड रुतला रे रुतला, गाडी आडवी. हीरोने एक्सपल्सचं रॅली किट काढलं तेव्हा त्यात लांब स्टँडही दिला होता, तो काही शोभेला नव्हे. 2023 च्या प्रो मॉडेलमध्ये सीट थेट 891 मिलिमीटरवर गेली. साडेपाच फुटी माणसाने उतारावर पाय टेकून दाखवावा.

हँडल उंच करणाऱ्यांचा बिघाड वेगळाच. क्लचची केबल आणि वायरिंग ओढलं जातं. हँडल डावीकडे वळवलं की गाडी बंद, उजवीकडे वळवलं की चालू. मिस्त्री आठवडाभर प्लग बदलत बसतो. त्यात जादा लाइट रिले न लावता मूळ वायरीलाच जोडले असतील, तर देवच राखो.

उलट, कोणी कौतुक न करणारा बदल म्हणजे उंच पुढचं मडगार्ड. काळी माती टायर आणि खालच्या मडगार्डमध्ये अशी ठासून बसते की चाक फिरेनासं होतं. उंच मडगार्डखाली तिला अडकायला जागाच नसते.

पावती फाडा

2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ नुसार, परवानगी नसलेल्या दर बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 'दर बदलाला' हे शब्द नीट वाचा. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांची रांग लावून वरून रोडरोलर फिरवला आहे.

सायलेन्सर, बोअर आणि दंडाच्या पैशांत काय येईल? चांगले खाचांचे टायर, इंजिनाखालची जाड प्लेट, हात वाचवणारे गार्ड, जादा क्लच केबल, आणि बाभळीच्या काट्यासाठी दोन ट्यूबा. प्लेट मात्र दर पावसानंतर खोलून धुवायची. आत साठलेला चिखल वाळला की इंजिनाला गोधडी पांघरल्यासारखं होतं, आणि ऑइलचा नटही सापडत नाही.