पाणी खाणारी गाडी

कांद्याचा हंगाम भरात आला की सोलापूरच्या बाजार समितीबाहेर रात्री गाड्यांची रांग लागते. त्या रांगेतली पंधरा-वीस वर्षांची बोलेरो पिकअप नुसत्या आवाजावरून ओळखता येते. तिचं डीआय इंजिन चार सिलिंडरचं, २,५२३ सीसीचं. सिलिंडरचा बोर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६. हे अडनिडे आकडे इंचांत मांडले तर बरोबर साडेतीन आणि चार येतात, कारण या इंजिनाचं घराणं जीपचं नाही, ट्रॅक्टरचं आहे. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून भारतात ट्रॅक्टर कंपनी काढली. तिच्या बी-२७५ या ट्रॅक्टरची मूळ आखणी इंग्लंडमधली, इंच-फुटांतली. इंचांत मोजायची ती पद्धत पुढे पिकअपच्या पोटात आली आणि टिकली.

ट्रॅक्टरचा गुणही सोबत आला. कमी फेऱ्यांवर ओढ धरायची आणि ओझ्याची तक्रार करायची नाही. सांगोल्याचं डाळिंब, मंगळवेढ्याची ज्वारी, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या चादरी-टॉवेलांचे गठ्ठे हे सगळं या गाडीनं वाहिलं. पासिंग ठरावीक वजनाचं, भरतात किती ते सर्वांना ठाऊक आहे. तरीही नीट सांभाळलेलं हे इंजिन ओझ्यानं सहसा मरत नाही. ते मरतं पाण्यानं, आणि हे मरण टाळता येण्यासारखं असतं म्हणून जास्त लागतं.

डिझेल जळून जी उष्णता निघते तिचा साधारण तिसरा हिस्सा पाण्यावाटे बाहेर काढावा लागतो. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच, त्यामुळे उघड्या भांड्यातलं पाणी इथे शंभर अंशांच्या थोडं आधीच उकळतं. रेडिएटरचं झाकण ही साधी वस्तू म्हणूनच मोलाची आहे. त्यातली स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि उकळबिंदू वीसेक अंशांनी वर नेते. झाकणाचं रबर कडक झालं की दाब सुटतो, मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हात तुळजापूरचा घाट चढताना पाणी उकळून बाहेर पडतं आणि ड्रायव्हर म्हणतो, रेडिएटर गेला. रेडिएटर उतरवण्याआधी झाकण बदलून बघणारा मिस्त्री मला मोठा वाटतो.

गळती शोधणं हे डोळ्यांचं आणि बोटांचं काम आहे. होज पाईप क्लिपजवळ फुगलेला असतो, दाबला तर आतून चिरा कळतात. वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, सील गेल्यावर खालच्या बारीक भोकातून ठिबकते. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, पाणी बेअरिंगमध्ये शिरण्याआधी खबर मिळावी म्हणून. थेंब पडतात म्हणून तिथे एम-सील लावून ते बुजवणारे लोक मी पाहिले आहेत. ती खबरच बंद झाली की बेअरिंग जातं, पंखा डुगडुगतो आणि एखाद्या दिवशी रेडिएटरच्या जाळीत घुसतो. ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे गोल प्लग आतून गंजतात, ते तर एक्झॉस्टच्या आडोशाला असले की दिसतही नाहीत. वाळलेल्या कूलंटचा हिरवट-पांढरा ओघळ तेवढा सापडतो.

हा गंज येतो कुठून? आपण ओततो त्या पाण्यातून. सोलापूर काळ्या पाषाणावर वसलेलं, बोअरचं पाणी जड, चुन्याचं. शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, म्हणून रस्त्यावर जे मिळेल ते रेडिएटरमध्ये जातं: ढाब्याच्या टाकीतलं, शेतातल्या बोअरचं, हॉटेलच्या जारमधलं. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार आतच राहतात. रोज लिटरभर पाणी खाणारी गाडी रोज नवे क्षार आत घेते. ते सिलिंडरभोवती थर धरतात आणि लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाहीत. काटा मध्यावर दिसतो, पण हेड आतून तापलेलं असतं. कूलंट हे नुसतं रंगीत पाणी नव्हे. त्यातलं ग्लायकॉल उकळबिंदू वाढवतं आणि त्यातली रसायनं गंज रोखतात. साधं पाणी टाकत राहिलं की तीही पातळ होत जातात. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर पाच लिटर गाडीत ठेवायला फारसा खर्च येत नाही.

रस्त्यावरच्या युक्त्या जुन्या आहेत. गळक्या रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकतात. ती फुगून भोकात बसते आणि गाडी घरी पोचते, यात खोटं काही नाही. पण हळदीला भोक आणि नळी यांतला फरक कळत नाही. आठवड्यानं जाळीच्या अरुंद नळ्या तुंबतात, मग टाकी उघडून सळ्या घालून साफ करणं आणि पुन्हा झाळणं आलं. दुसरी युक्ती, इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. इथल्या कितीतरी जुन्या गाड्यांत तो नसतोच. त्यामुळे सकाळी इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त लागतं, ऑईलमध्ये गाळ साचतो आणि तुंबलेली जाळी मात्र तशीच राहते.

ऑईलची गळती त्या मानानं सौम्य. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, संपचं पॅकिंग, क्रँकचं मागचं सील ही ठिकाणं ठरलेली. सील बदलण्याआधी ब्रीदरचा पाईप तपासावा. तो तुंबला तर आतला दाब नवं सीलही उचलतो.

खरी भीती पाणी आणि ऑईल एकमेकांना भेटण्याची. डिपस्टिकवर दुधाळ चहाच्या रंगाचा फेस, सकाळी स्टार्ट करताच वरच्या होजमध्ये कडक दाब, झाकण काढून इंजिन चालू केलं की पाण्यात न थांबणारे बुडबुडे, आणि बाहेर कुठेही थेंब नसताना कमी होणारं पाणी. ही हेड गॅसकेट गेल्याची लक्षणं. अशा वेळी नुसतं गॅसकेट बदलून चालत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून, खाली फीलर गेज सरकवून ते किती वाकलं हे मोजावं लागतं, आणि गरज पडली तर लेथवाल्याकडून फेस मारून घ्यावा लागतो. बोल्ट ठरलेल्या क्रमानं, मधून बाहेर, टॉर्क पान्यानं आवळायचे. हाताच्या अंदाजानं आवळलेलं हेड काही महिन्यांत परत येतं.

ड्रायव्हरला हे ठाऊक नसतं असं समजणं अन्यायाचं आहे. तो थांबत नाही कारण सकाळच्या लिलावाआधी माल पोचला पाहिजे, भाडं खेपेवर मिळतं, आणि शेतकरी शेजारी बसलेला असतो. काटा लालकडे सरकला तरी पुढचं गाव गाठू म्हणतो. दोनशे रुपयांच्या होजपायी हेडचं काम निघतं ते याच दहा किलोमीटरांत. गाडी बाजूला घेणं, इंजिन बंद करणं आणि झाकणाला अर्धा तास हात न लावणं एवढंच त्या क्षणी करण्यासारखं असतं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतलं तर हेडला चीर जाऊ शकते, आणि झाकण उघडणाऱ्याचा हात भाजतो तो वेगळाच.

पण रोजची तपासणी याच धंद्याच्या वेळेत बसते. रात्री रांगेत लागलेली गाडी पहाटेपर्यंत पूर्ण गार होते. गार इंजिनावरच पाण्याची खरी पातळी कळते, झाकण निर्धास्त उघडता येतं आणि डिपस्टिकही खरं सांगते. पेट्रोमॅक्सऐवजी आता मोबाईलचा उजेड असतो, तो गाडीखाली धरला तर रात्रभरात पडलेला थेंब जमिनीवर दिसतो. बोटावर घेऊन बघायचं: बुळबुळीत काळा की हिरवट, पुढच्या पट्ट्याखाली की मागे गिअरबॉक्सच्या जोडाशी. लिलाव सुरू होईपर्यंत एवढा वेळ हाताशी असतो.