इंजिनाच्या श्वासनलिकेतले काजळ

मालवण, कुडाळ, कणकवली भागात डिझेल गाडी वापरणाऱ्यांची एक तक्रार नेहमीची असते : गाडी पूर्वीसारखी ओढत नाही. एअर फिल्टर बदलला तरी चढावर दम लागतो. मग मेकॅनिक इंजिनाला चिकटलेली, फाटे फुटलेली एक नळी उघडतो. आत डांबरासारखा काळा, चिकट थर जमलेला असतो.

ही नळी म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. प्रत्येक सिलिंडरला हवा वाटून देणे हे तिचे काम. डिझेल इंजिनात इंधन या वाटेने जातच नाही. ते सिलिंडरमध्ये वेगळे फवारले जाते. मग गाळलेल्या स्वच्छ हवेच्या वाटेत काजळी आली कोठून?

काजळी अधिक तेल

घरी काजळ कसे करतात ते आठवून पाहा. दिव्याच्या ज्योतीवर तांब्याचे भांडे धरून काजळी जमवतात आणि तिच्यात तूप खलतात. मॅनिफोल्डमध्ये हेच घडते. काजळी येते इंजिनाच्याच धुरातून. धुराचा काही भाग ईजीआर नावाच्या झडपेतून मुद्दाम परत आत सोडलेला असतो. तुपाची जागा घेते इंजिनातले वंगण. पिस्टनच्या कडेने निसटणाऱ्या वायूंबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब उडतात आणि तेही याच वाटेने आत येतात. बाजारपेठेतून हळू, थांबत थांबत चालणाऱ्या गाडीत ईजीआर जास्त उघडी राहते आणि नळीच्या भिंती कमी तापतात. त्यामुळे थर लवकर धरतो.

थराचा परिणाम गणिताने पाहू. दोन लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत सुमारे २ लिटर हवा घेते. मिनिटाला २००० फेरे असतील, तर हवा झाली २००० लिटर. नळीचा व्यास ४० मिलिमीटर असेल आणि आत सगळीकडून ५ मिलिमीटर थर बसला, तर उरला व्यास ३० मिलिमीटर. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणून वाट उरली ९/१६, म्हणजे जेमतेम ५६ टक्के.

साफ कसे करावे?

मॅनिफोल्ड उतरवून, बाहेर ठेवून साफ करणे उत्तम. उघड्या पडलेल्या तोंडांवर कापड बसवावे, नाहीतर सुटलेली खपली सिलिंडरमध्ये जाते. बसवताना गॅस्केट नवे घालावे. नळी ॲल्युमिनियमची असेल, तर कॉस्टिक सोडा वापरू नये. तो ॲल्युमिनियमलाच खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. ॲल्युमिनियमला चालणारे कार्बन काढण्याचे द्रावण, नायलॉनचा ब्रश आणि धीर एवढे पुरते. धुतलेले काळे पाणी परसात ओतू नये; जांभ्यातून ते विहिरीपर्यंत झिरपते.

झडपच बंद केली तर?

काही ठिकाणी याहून सोपा उपाय सुचवला जातो : ईजीआरच्या वाटेत पत्र्याची चकती घालून ती कायमची बंद करायची. नळी स्वच्छ राहते आणि काळा धूरही कमी होतो. मग ही झडप बसवलीच कशाला?

हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो निष्क्रिय; पण ज्वलनाचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेले, की ऑक्सिजनशी संयोग पावू लागतो. तयार होणारी नायट्रोजन ऑक्साइडे फुप्फुसांना अपायकारक असतात. सूर्यप्रकाशात त्यांच्यापासून जमिनीलगत ओझोन बनतो. परत सोडलेला धूर ऑक्सिजनचे प्रमाण घटवतो, त्यातील कार्बन डायऑक्साइड व वाफ उष्णता शोषतात आणि ज्योत थंडावते. म्हणूनच ही झडप.

खरी मेख पुढे आहे. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा दाटपणा मोजतात, नायट्रोजन ऑक्साइडे नव्हे. झडप बंद केलेली गाडी तेथे सहज उत्तीर्ण होते! डिझेल मोटारींसाठी या ऑक्साइडांची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मध्ये ती ०.०८ ग्रॅमवर आली. पत्र्याची एक चकती हे सारे श्रम वाया घालवते. कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा फेरफार कायद्यालाही मान्य नाही.

असे प्रदूषण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजावे लागते. २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या प्रयोगशाळेत एक आणि रस्त्यावर दुसरे वागतात हे अमेरिकेत उघड झाले. त्यानंतर पुण्याच्या एआरएआय संस्थेने भारतातील गाड्या रस्त्यावर तपासल्या आणि त्या डिसेंबरात कंपनीने येथील सुमारे ३.२३ लाख गाड्या सुधारणेसाठी परत बोलावल्या.

वर्गात करून पाहा

दोन जुने स्टीलचे चमचे घ्या. एकाच्या पाठीला खोबरेल तेलाचा हात लावा. दोन्ही चमचे चिमट्याने धरून मेणबत्तीच्या ज्योतीत काही सेकंद फिरवा. निवल्यावर कोरड्या कापडाने हलकेच पुसा. काजळी कोठे सहज निघते आणि कोठे नुसती पसरते? हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करून दाखवावा. मग विद्यार्थ्यांना विचारावे : चमचा काळा झाला हे दिसले, पण ज्योतीतून न दिसणारे काय काय बाहेर पडले?