रविवारची उपासना आठवडाभर कशी घडते

ख्रिस्ती मंडळी म्हटली की परभणीकडच्या बहुतेकांच्या डोळ्यांपुढे नाताळची चांदणी येते. वर्षाचे उरलेले आठवडे तिथे काय चालते, हे भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यालाही क्वचितच ठाऊक असते. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार भरली. त्यात ख्रिस्ती माणसे अगदी थोडी, आणि तीही विखुरलेली. कोणी पूर्णेला रेल्वेत, कोणी जिंतूर-सेलूकडे शाळेत किंवा दवाखान्यात, कोणी शेतीवर. अशा ठिकाणी एका पाळकाकडे अनेकदा एकाहून जास्त गावे असतात. मंडळी लहान असली की उपासना एकट्या पाळकाच्या खांद्यावर चालत नाही, ती घराघरांत आधी तयार व्हावी लागते.

मराठवाड्यातल्या मराठी मंडळ्यांना इतिहास मोठा आहे. मुंबईत १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले आणि निजामाच्या राज्यात जमीन मिळवून त्यांनी जालन्याजवळ बेथेल हे गाव वसवले. १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली सी.एन.आय., उभी राहिली. कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा. परभणी त्यातच येते. याशिवाय स्वतंत्र मंडळ्याही आहेत. प्रत्येकाची रीत थोडी वेगळी. इथे सांगतो आहे ती जुन्या वळणाच्या मराठी प्रॉटेस्टंट मंडळीची.

उपासनेचा क्रम ठरलेला असतो. गीत, मग पापांगीकार, मग शास्त्रवाचन: एक पाठ जुन्या करारातून, एक पत्रांतून, एक शुभवर्तमानातून. स्तोत्र एक ओळ पुढाऱ्याने आणि एक ओळ सगळ्यांनी, असे आळीपाळीने म्हणतात. मतांगीकार, म्हणजे विश्वासाची कबुली, उभे राहून. मग संदेश, म्हणजे पाळकाचे प्रवचन, आणि नंतर दान, सूचना, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद. पाठ वाचणारी माणसे आदल्या आठवड्यातच ठरतात आणि एखादा पाठ शाळकरी पोराकडे आवर्जून देतात. नवव्या इयत्तेतली मुलगी यशयाचा उतारा अडखळत वाचते तेव्हा तिच्या घरी तो किमान चार वेळा वाचून झालेला असतो. मला हे फार महत्त्वाचे वाटते. घरातल्या सगळ्यांनी तो ऐकलेला असतो आणि संदेश सुरू होण्याआधीच त्या घरात त्यावर बोलणे झालेले असते.

गाणी ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली. काहींच्या चाली विलायती आणि काही थेट अभंगाच्या. हे वळण देण्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा वाटा मोठा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी ज्ञानेश्वर-तुकोबांचा हात सोडला नाही. ख्रिस्तभक्ती त्यांनी अभंगात, ओवीत आणि कीर्तनात उतरवली. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव याच जिल्ह्यातले. तिथल्या माणसाला टाळ-पेटीवरची ख्रिस्ती भजने परकी वाटायचे कारणच नाही.

प्रभुभोजन, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ पाव आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, अनेक मंडळ्यांत महिन्यातून एकदा असतो आणि त्याची तयारी स्वयंपाकघरात होते. जिथे मद्य वापरत नाहीत तिथे शनिवारी रात्री काळ्या मनुका पाण्यात भिजत घालतात. सकाळी त्याच पाण्यात त्या मंद आचेवर उकळायच्या, मऊ झाल्या की चमच्याने दाबून कुस्करायच्या, पातळ स्वच्छ फडक्यातून रस पिळून गाळायचा आणि पूर्ण गार होऊ द्यायचा. पावाच्या कडा काढून बारीक तुकडे करायचे. हे काम बहुधा एखाद्या वडीलधाऱ्या बाईकडे असते आणि ती ते सुनेला शेजारी उभे करून शिकवते. समर्पित केलेले काही उरले तर ते टाकून देत नाहीत, उपासनेनंतर तिथेच संपवतात. अंथरुणाला खिळलेल्यांकडे पाळक ते घरी घेऊन जातो.

संदेशाचे कच्चे सामान मिळते ते अशा घरभेटींतून. बुधवारी-गुरुवारी कोणाच्या तरी घरी कॉटेज प्रार्थना असते. सतरंजी अंथरतात, दोन गीते होतात, मुले पाठ केलेले वचन म्हणून दाखवतात. मग ज्याच्या मनात जे असेल तो ते प्रार्थनेसाठी सांगतो: बापाचे ऑपरेशन, मुलीचे जुळत नसलेले लग्न, पीक कर्ज. चांगला पाळक इथे बोलतो कमी आणि ऐकतो जास्त. एखाद्या वर्षी काढणीच्या तोंडावर पाऊस लागतो आणि सोयाबीनच्या शेंगांना शेतातच कोंब फुटतात. अशा आठवड्यात हबक्कूकचा तिसरा अध्याय काढणे सोपे असते, कारण शेत पिकले नाही तरी मी देवाच्या ठायी आनंद करीन असे तिथे संदेष्टा म्हणतो. पण ते संदेष्ट्याने स्वतःविषयी म्हटले आहे. दुसऱ्याचे पीक गेले असताना त्याला आनंद कर म्हणून सांगण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही. अशा रविवारी आधी विलापाची स्तोत्रे वाचावीत, असे मला मनापासून वाटते. दीडशे स्तोत्रांत ती कितीतरी आहेत आणि ती उगाच ठेवलेली नाहीत.

वर्षाचे चक्रही घराघरांतून फिरते. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे, तेव्हा तरुण संघ गाण्यांच्या फेऱ्या काढतो. ईस्टर म्हणजे २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार; त्यामुळे तो कधी होळीपाठोपाठ येतो, कधी हनुमान जयंतीच्या आसपास. त्याआधी रविवार सोडून चाळीस दिवस उपवासकाळ. यात अनेक घरे मांसाहार बंद ठेवतात आणि वाचलेले पैसे दानासाठी बाजूला काढतात.

मला सगळ्यांत जवळचा सण मात्र हंगामाचा. कुठे त्याला कापणीचा सण म्हणतात. खरीप घरात आल्यावर सोयीचा रविवार धरतात. वेदीपुढे ज्वारीची कणसे, कापसाची बोंडे, तुरीच्या शेंगा, भोपळे, अंडी, केळीचे घड मांडतात. नोकरदार बायका घरी केलेल्या चकल्या किंवा लोणच्याची बरणी आणतात. पाय बांधलेला कोंबडाही असतो. उपासना झाली की आवारात लिलाव. लिलाव पुकारायला आवाजाचा आणि सगळ्यांना नावाने ओळखणारा माणूस लागतो. एक भोपळा शंभराला जातो. घेणारा पैसे भरतो आणि भोपळा परत मेजावर ठेवतो. तोच भोपळा पुन्हा पुकारला जातो, तिसऱ्यांदाही. लहान मुलांनी दहा-वीस रुपयांची बोली लावली की मोठी माणसे मुद्दाम गप्प बसतात आणि अंडी त्या मुलाला मिळतात. दुपारी सगळ्यांचे एकत्र जेवण होते आणि शेजारपाजारचेही येतात.

सगळे धान्य मात्र लिलावात काढू नये. शेताच्या कडा कापू नका, सरवा गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवा, असा नियम लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे, आणि बायबलातली विधवा रूथ जगली ती अशाच सरव्यावर. काही मंडळ्या ज्वारी-तुरीचा एक भाग आधीच वेगळा काढून विधवांच्या आणि आजाऱ्यांच्या घरी पोचवतात; त्यात आपली-परकी अशी निवड नसते. उरलेल्याचा जमाखर्च खजिनदार पुढच्या रविवारी सूचनांच्या वेळी वाचतो. त्यात भोपळ्याची नोंद तीन वेळा येते.